अमरिलिस : कंद लावावा की बी पेरावे?

उन्हाळ्याच्या तोंडावर कर्ण्यासारखी मोठी फुले देणारे अमरिलिस मूळचे दक्षिण अमेरिकेतील. मात्र अनेकांकडे ते पहिल्या वर्षी फुलते, नंतर फक्त पाने येतात. असे का होते?

कंद कसा लावावा?
कंदापेक्षा थोडीच मोठी कुंडी आणि निचऱ्याची माती घ्यावी. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा. कोंब फुटेपर्यंत पाणी बेतानेच द्यावे, अन्यथा कंद कुजतो. पोसलेला कंद साधारण ६ ते ८ आठवड्यांत फुलतो.

बियांपासून रोप होते का?
होते. बोंड तडकले की आतील काळ्या, चपट्या बिया ताज्याच पेराव्यात. पण फुलासाठी ३-४ वर्षे थांबावे लागते आणि बहुतेक वाण संकरित असल्याने रंग बदलू शकतो. तोच रंग हवा असेल, तर कंदाशेजारची पिल्ले वेगळी करून लावावीत.

पुढच्या वर्षी फूल का येत नाही?
फुले सुकल्यावर दांड्यासोबत पानेही कापली जातात. प्रत्यक्षात पानेच कंदात अन्न साठवतात. बी नको असेल, तर फक्त दांडा कापावा. पाने राखून कुंडी उन्हात ठेवावी व खत द्यावे.

काळजी कोणती?
कांद्यासारखा दिसणारा हा कंद विषारी असतो. तो मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावा.