संसारातले आंतरपीक



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकात मात्र थोडे घरातले लिहिणार आहोत. बांध सोडून घरात शिरलो म्हणून रागावू नये. शिवारफेरीला आलो की आपणच आम्हाला चहाला बोलावता. चहा उकळेपर्यंत जे कानांवर पडते, त्यातलेच हे आहे.

आपल्या भागातल्या कोणत्याही ऊस बागायतदाराच्या घरी दिवसातून एकदा तरी एक वाक्य हमखास ऐकू येते: “बिल आल्यावर बघू.”

न्हाणीचे दार निखळले आहे, बिल आल्यावर बघू. पोराला सायकल पाहिजे, बिल आल्यावर बघू. कारभारीण म्हणते, लग्न झाल्यापासून एकदा जोडीने कुठे गेलो नाही. त्यालाही तेच उत्तर. एका घरी आम्ही बसलो असताना धाकटी नात धावत आली आणि म्हणाली, “आबा, मांजरीला चार पिल्लं झाली!” आबा अंगणात उसाची मोळी बांधत होते. मान वर न करता सवयीने म्हणाले, “बिल आल्यावर बघू.” घरातली सगळी माणसे हसली. आबांना मात्र कशाला हसतात ते कळेना.

आता हे बिल येते कधी, तेही पाहू. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात करावयाची आणि तोडीला सोळा ते अठरा महिने थांबावयाचे. सुरू ऊस घेतला तरी वर्ष जातेच. त्यानंतर तोडीची वाट, मग टोळीची वाट, मग गाडीची वाट. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यावर पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयाचे असतात. त्याबद्दल आपल्याला जे बोलायचे ते आपण वार्षिक सभेत बोलताच, म्हणून इथे तो विषय नको. एकदाचे बिल निघाले की सोसायटीचे कर्ज वजा, पाणीपट्टी वजा, खताची उधारी वजा. खाली जो आकडा उरतो त्याच्याकडे घरातली सगळी माणसे पाहतात, आणि कुणीतरी हळूच म्हणते, “जाऊ द्या. पुढच्या बिलाला बघू.”

उसाची जात सोशिक आहे. तो अठरा महिने थांबतो. पण घरातल्या सगळ्याच गोष्टी उसाच्या जातीच्या नसतात.

सायकलीचेच घ्या. आमच्या गटातल्या एका सभासदाच्या मुलाने आडसाली लागणीच्या वेळी लहान सायकल मागितली. तेव्हा तो तिसरीत होता. वडिलांनी शब्द दिला, बिल आल्यावर नक्की. मुलगा रोज प्लॉटवर जाऊन ऊस किती वाढला ते पाहू लागला. आमच्या शेती मदतनिसापेक्षा त्या पोराची प्लॉट पाहणी जास्त नियमित होती. पुढे ऊस गेला, बिल आले, वडिलांनी शब्द पाळला. पण सायकल घरी आली तेव्हा बसल्यावर पोराचे गुडघे हँडलला लागायला लागले! तोपर्यंत तो थोरल्या भावाच्या मोठ्या सायकलवर हाफ पायडल मारायला शिकून मोकळा झाला होता. नवी सायकल आता धाकटीला गेली आहे, आणि थोरले महाराज म्हणतात, “पुढच्या बिलाला मोटारसायकल.” वडील म्हणतात, “सायेब, तुम्ही उसाचं वाण काढता तसं हळू वाढणाऱ्या पोरांचं एखादं वाण काढा की.” आम्ही म्हटले, पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आहे, को ८६०३२ सारखे वाण तिथूनच १९९६ साली आपल्याला मिळाले, पण पोरांचा विभाग तिथे अजून उघडलेला नाही.

ही झाली हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. दुसरी तशी नाही. ती त्या घरच्यांना विचारूनच लिहितो आहोत.

एका वस्तीवरच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांची थोरली बहीण चार-पाच गावे पलीकडे दिलेली. नातवाच्या लग्नात दोघी भेटल्या त्याला बरीच वर्षे झाली होती. आजी महिन्यातून एकदा तरी म्हणायच्या, “आक्काला बघून यावं वाटतंय.” मुलाचा आईवर जीव. त्याचे म्हणणे असे की आईला एस.टी.त कशाला हेलपाटायची? बिल आले की चारचाकी करू, मावशीला साडीचोळी घेऊ, सगळे घरच जाऊ. बेत चांगलाच होता. त्या साली तोड लांबली आणि बिल यायला फेब्रुवारी उजाडला. साडी आणली, गाडीही ठरली. पण गाडी गेली ती आक्कांच्या दहाव्याला. आजींनी साडी पिशवीतून काढली नाही. “आक्काला हिरवा रंग आवडायचा,” एवढेच म्हणाल्या.

यात मुलाला कुणी दोष देणार नाही. त्याने आईसाठी काही कमी केलेले नव्हते. उलट जास्त करायचे म्हणूनच तो थांबला. आपल्या पुष्कळ घरांत असेच होते. आनंद मोठा करायचा म्हणून आपण तो पुढे ढकलतो, आणि ज्याच्यासाठी करायचा ते माणूस तेवढे थांबत नाही. खरे म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. लेक किंवा सून बरोबर गेली असती तर एका अर्ध्या तिकिटात आक्कांची भेट झाली असती. दोघींनी दारात बसून पान खाल्ले असते, जुन्या कुरापती काढल्या असत्या, आणि संध्याकाळच्या गाडीने आजी परत आल्या असत्या. साडी पुढच्या खेपेला नेता आली असती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो आमच्या खात्याचाच आहे.

आपण उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावतो. उगवण पुरी व्हायला सहा ते आठ आठवडे जातात, मग फुटवे येतात. पहिले तीन-चार महिने ओळींमधली जागा मोकळीच असते. तिथे ऊन पडते, पाणी पोचते, खताचा अंश जातो. ही जागा रिकामी ठेवली म्हणून ती काही रिकामी राहत नाही, तिथे तण येते. म्हणून आम्ही गेली कितीतरी वर्षे सांगत आलो की त्या जागेत आंतरपीक घ्या. आडसालीत भुईमूग, सोयाबीन, चवळी. सुरूमध्ये मेथी, कोथिंबीर, काकडी. मोठ्या बांधणीच्या आत पीक निघून जाते, उसाला धक्का लागत नाही. शेंगवर्गीय पीक असेल तर त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्रही देऊन जातात.

संसाराचे अगदी असेच आहे. कर्ज फेडणे, घर बांधणे, मुलीचे लग्न, विहिरीचे काम ही मुख्य पिके. ती वेळ घेणारच. पण त्यांच्या ओळींमध्ये जी रोजची मोकळी जागा असते तिथे लहानसहान आनंद लावले नाहीत तर तिथेही तण येते. चिडचिड, अबोला, आणि अलीकडचे नवे तण म्हणजे जेवताना प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

ज्यांच्या घरी असे आंतरपीक चांगले येते, त्यांची दोन-तीन उदाहरणे सांगतो.

एका घरी उसातला भुईमूग निघाला की पहिली पाटी बाजारात जात नाही. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात, अंगणात सूप ठेवतात आणि घरातली सगळी माणसे त्याभोवती बसतात. सासऱ्यांसमोर मोठ्याने न बोलणारी सून त्या दिवशी म्हणाली, “मामा, तुमच्याकडं टरफलांचा ढीग मोठा हाय. हिशेब लागतोय बरं का.” सासरे म्हणाले, “वजनकाट्यावर आमचा विश्वास न्हाई.” आमच्याकडे पाहून म्हणाले, म्हणून आम्ही शेंगेत तोंड घातले.

दुसरे उदाहरण रात्रीच्या पाण्याचे. शेतीची वीज पाळीने रात्रीची आली की दारे धरायला जाण्याची सगळ्यांना कुरकुर. पन्नाशीतले एक जोडपे मात्र दोघे मिळून जाते. बॅटरी, काठी आणि थर्मासात चहा. आम्ही विचारले, वहिनी, तुम्ही कशाला जागरण करता? त्या म्हणाल्या, “भाऊजी, घरात सासूबाई, पोरं, पाव्हणं. ह्यांच्याशी दोन शब्द बोलायला मिळत्यात कुठं? तिथं सरी भरंस्तवर निवांत बोलता येतंय.” कारभारी लगेच म्हणाले, “पण दिवसाच्या लाईटच्या मोर्चाला आमची सही हाय, ते तेवढं लिहून घ्या.”

तिसरे उदाहरण गुऱ्हाळाचे. कारखान्याच्या पत्रात गुऱ्हाळाचे नाव घेतल्याबद्दल चेअरमनसाहेबांनी क्षमा करावी. पण चुलवाण पेटलेले आहे, काहिलीत रस उकळतो आहे, गुळव्या फावडे मारतो आहे आणि पोरे उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून चाटत उभी आहेत, याला तिकीट लागत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर ताजी काकवी ही चैन कोणत्याही बिलाची वाट पाहत नाही. ऊस मात्र आपल्या कारखान्यालाच घालावा, एवढी आठवण या निमित्ताने.

आणि चौथे आमच्याच घरचे. आमचा पगार महिन्याला होतो, पण गळीत हंगाम सुरू झाला की आमचे दर्शन घरच्यांना दुर्लभ. आमच्या मंडळींनी त्यावर नियम केला आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरात कांदा भजी होणार, आणि साहेब असोत नसोत, ती वेळेवर निघणार. उशीर केला तर आमच्या वाट्याची भजी शेजारच्या मुलांना जातात. त्यामुळे बाजाराच्या दिवशी आमची फटफटी कशी वेळेवर घराकडे वळते, हे गट कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही साखरेच्या धंद्यातली माणसे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चहा बिनसाखरेचा पितो. तेव्हा भजी तरी असू द्यावीत.

लेख आमच्या खात्याचा असल्यामुळे शेवटी शिफारस दिलीच पाहिजे. ती अशी:

लागणीची वेळ: आजची संध्याकाळ. मुहूर्त पाहू नये.

बेणे: घरचेच वापरावे. दुसऱ्याच्या घरातले पाहून आणलेले बेणे आपल्या जमिनीत उगवेलच असे नाही. शेजाऱ्याने महाबळेश्वर केले म्हणून आपणही करावे असे नाही. आपल्याला विहिरीवर बसून भाकरी-ठेचा गोड लागत असेल तर तेच आपले वाण.

खत: आंतरपिकाला त्याची मात्रा वेगळी द्यावी लागते, उसाच्या खतावर भागत नाही. तसेच घरच्यांना द्यायचा वेळ वेगळा काढावा. पोराशी बोलता बोलता मजुरांना फोन, याला मात्रा दिली असे म्हणत नाहीत.

उत्पन्न: शेतातल्या आंतरपिकाचे पैसे बाजारात रोख मिळतात आणि सोसायटीच्या कपातीत जात नाहीत. ते कारभारणीच्या हाती द्यावेत आणि हिशेब मागू नये. काही घरांत ही रीत पूर्वीपासून आहे. घरात कुणाला केव्हा काय पाहिजे, हे तिला जेवढे कळते तेवढे बिलाच्या पावतीला कळत नाही.

काढणी: वेळेवर. काकडी जून झाली की कडू लागते आणि कोथिंबीर फुलावर आली की भाव जातो. माणसांच्या भेटीगाठींचेही तसेच आहे.

मोठ्या गोष्टींसाठी बिलाची वाट पाहावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण आईला बहिणीकडे नेणे, लेकीच्या शाळेत एकदा डोकावणे, कारभारणीबरोबर एक संध्याकाळ बाजार फिरणे या गोष्टी कपातीच्या यादीत नाहीत. त्या आजच करता येतात.

पुढच्या शिवारफेरीत उसाची उगवण पाहायला आम्ही येऊच. त्या वेळी हेही आंतरपीक दाखवावे. ओल्या शेंगा उकडलेल्या असतील तर पाहणीला वेळ थोडा जास्त लागेल, याची नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी