वॅटचा आकडा आणि कानांचे गणित

घरी संगीत ऐकण्यासाठी नवे यंत्र घ्यावयाचे ठरले, की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॅटचे?’ हा. शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॅटच्या यंत्राहून दुप्पट मोठा वाजेल, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीपायी पैसा व्यर्थ खर्च होतो; म्हणून तिची थोडी परीक्षा करू.

अ‍ॅम्प्लिफायर क्षीण विद्युत्संकेताला बळ देतो आणि स्पीकर त्या विजेचे ध्वनीत रूपांतर करतो. हे रूपांतर मोठे उधळे असते. सामान्य घरगुती स्पीकर मिळालेल्या शक्तीचा जेमतेम एक टक्का, किंवा त्याहूनही कमी, ध्वनीच्या रूपाने देतो. उरलेली सर्व शक्ती उष्णता होऊन जाते. तरीही एवढा अल्पांश पुरतो, याचे कारण आपल्या कानाची विलक्षण संवेदनशीलता होय.

ध्वनीची पातळी डेसिबल या मापाने सांगतात. शक्ती दुप्पट केली असता पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि हा फरक कानास थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. यावरून पन्नास आणि शंभर वॅट यांतील अंतर किती लहान आहे, हे ध्यानात येईल.

आता एक उदाहरण घेऊ. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी मिळतो, यास स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात. ती ८७ डेसिबल आहे असे समजा. श्रोता तीन मीटरवर बसला, तर अंतरामुळे ध्वनी क्षीण होतो. परंतु भिंतींचे परावर्तन आणि जोडीचा दुसरा स्पीकर यांचे साहाय्य होऊन त्याला सुमारे ८० डेसिबल मिळतात, असे धरू. सुखाने ऐकण्यास सरासरी ७० डेसिबल पुरेत. म्हणजे लागणारी शक्ती किती? अवघी एक दशांश वॅट!

मग मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नाही काय? तसेही नाही. तानपुऱ्याच्या संथ झंकारानंतर तबल्यावर एकाएकी जोराची थाप पडते. असे क्षणिक उच्चांक सरासरीहून २० डेसिबलपर्यंत वर जाऊ शकतात, आणि त्या क्षणी शंभरपट शक्ती लागते. आपल्या उदाहरणात ती १० वॅट होते. ती अ‍ॅम्प्लिफायरजवळ नसेल, तर ध्वनितरंगांचे माथे छाटले जाऊन आवाज कर्कश होतो. म्हणून थोडी शिल्लक ठेवून २० ते ३० वॅट घेतल्यास मध्यम खोलीचे काम उत्तम भागते. १९४७ साली इंग्लंडात डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेला, पुढे जगभर नावाजलेला अ‍ॅम्प्लिफायर १५ वॅटचाच होता.

स्पीकरची निवडही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेत १९५४ साली एडगर विल्चर यांच्या बंद पेटीच्या स्पीकरने लहान आकारातून खोल खर्ज देऊन दाखविला. पण त्याची किंमत संवेदनक्षमतेत मोजावी लागली, म्हणून त्यास अधिक शक्ती लागे. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर निम्म्या वॅटांत तेवढाच ध्वनी मिळतो.

सभागृह मोठे असेल, किंवा फार मोठ्याने ऐकावयाचे असेल, तर हे गणित झपाट्याने वाढते. पण घरात तसे ऐकणे हितकारक नाही. ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. त्याहून मोठा आवाज असेल, तर वेळ झपाट्याने कमी करावी लागते. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर दुरुस्त होतो. आवाजाने बधिर झालेला कान पूर्ववत होत नाही.

तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे खोली आणि स्पीकर पाहून वॅट निवडावेत. संगीताचा आनंद आकड्यात नसून स्वच्छ स्वरात आहे.