ससूनमधील ती रात्र

१९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये रुग्णालयांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत रुग्णालयाचाच आसरा घ्यावा लागला. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आंत्रपुच्छदाह, म्हणजे अपेंडिसायटिस, झाला. मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेली ही बोटासारखी नळी सुजून फुटली, तर पू पोटात पसरतो. पेनिसिलीन तेव्हा नव्हते. शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय नव्हता.

१२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ती केली. रोगी दगावता, तर सरकारवर केवढा संशय आला असता! म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावून संमतिपत्र लिहविले गेले. गांधीजींनी त्यावर थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली. शस्त्रक्रिया चालू असता वादळाने वीज गेली. मग परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना मुक्त केले. ही सुटका गांधीजींना रुचली नाही. कैद्याचे आजारपण हे सुटकेचे कारणच नव्हे, असे त्यांचे मत. मॅडॉक व परिचारिका यांचे ऋण मात्र त्यांनी मोकळेपणाने मानले, आणि पहारा उठल्यावरही प्रकृती सावरेपर्यंत ते ससूनमध्येच राहिले.