दांड्या चार, आवाज मात्र तुटका

एकाच घरातले दोन फोन, दोन्हींत एकाच कंपनीचं सिम. एकावर बोलणं स्वच्छ ऐकू येतं, दुसरा घेऊन गच्चीवर धावावं लागतं. शिव्या टॉवरला बसतात. पण टॉवर तर दोघांचा एकच! फरक बऱ्याचदा फोनच्या पोटातल्या अँटेनाचा असतो. गावाबाहेरच्या घरात रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवायची वेळ आली, की तो जाणवतो.

मग फोनची रेंज पारखायची कशी? पडद्यावरच्या दांड्या मोजून नक्कीच नाही. किती सिग्नलला किती दांड्या, याचं गणित सगळ्या फोनांत सारखं नसतं. जून २०१० मध्ये अॅपलचा आयफोन ४ आला. त्याची कडेची धातूची पट्टी हीच अँटेना होती. डाव्या बाजूच्या खालच्या फटीवर हात पडला, की सिग्नल घसरे. तक्रारी वाढल्यावर २ जुलैला कंपनीने कबूल केलं, की आपलं दांड्यांचं सूत्रच चुकीचं आहे. पुष्कळदा दोन दांड्या जास्तच दिसतात! पुढे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक मासिकाने बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या खोलीत चाचणी घेऊन दोष फोनचाच असल्याचं सांगितलं. अखेर कंपनीला कव्हर फुकट वाटावी लागली.

प्रयोगशाळेतली चाचणी मोठी गमतीची असते. खोलीच्या भिंतींवर लहरी शोषून घेणारे फोमचे टोकदार सुळके. मधोमध माणसाचं नकली डोकं आणि हात, त्यात फोन. टॉवरची नक्कल करणारं यंत्र सिग्नल हळूहळू कमी करत जातं, फोन सगळ्या दिशांना फिरवला जातो. चुका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, की तो आकडा टिपतात. जितक्या क्षीण सिग्नलवर फोन तग धरेल, तितका तो चांगला. हे माप डीबीएममध्ये असतं. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग! दर दहा अंकांनी ताकद दहापट बदलते, म्हणून उणे ९० आणि उणे ११० यांत शंभरपट अंतर पडतं.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल खोक्यावर ठळक छापतात, हा आकडा मात्र गिऱ्हाइकाला सहसा दिसत नाही.

घरी थोडीफार पारख करता येते. अनेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीखाली डीबीएमचा आकडा मिळतो. एकच सिम आळीपाळीने दोन्ही फोनांत घाला, जागा तीच ठेवा. दोन्ही फोन ४जीवर आहेत ना, तेही पाहा. आकडा सतत हलतो, म्हणून पाच-सहा वेळा टिपून घ्या. एकदा फोन टेबलावर ठेवून, एकदा बोलताना धरतो तसा हातात धरून. धातूचं कव्हर असेल, तर आधी ते काढा.