मधमाशीचे नृत्य आणि माणसाची भाषा

दूरवर फुलांचा ताटवा आढळला, की मधमाशी पोळ्यात परतून नाचू लागते. उभ्या पोळ्यावर ती अंग थरथरवीत सरळ चालते. उभ्या रेषेशी तिच्या वाटेचा जेवढा कोन होतो, सूर्याच्या दिशेपासून तेवढ्याच कोनावर फुले असतात. ही थरथर जितकी लांबते, तितके अंतर अधिक. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी हे गूढ उकलले. १९७३ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

एकदा त्यांनी मधमाश्यांची पेटी बिनतारी संदेशाच्या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवली आणि साखरेचे पाणी ठेवले मनोऱ्यावर. ते चाखून आलेल्या माश्या उत्साहाने नाचल्या. परंतु त्यांच्या सोबतिणी भोवतालच्या रानातच शोध घेत राहिल्या. ‘वर’ या अर्थाची खूण त्या नृत्यात नव्हती आणि नवी खूण माश्यांना घडविता आली नाही.

लहान मूल मात्र ठाऊक असलेल्या शब्दांतून कधी न ऐकलेले वाक्य रचते. ‘काल फुले होती, आज का नाहीत?’ असे ते सहज विचारते. शब्द अपुरे पडले, तर माणूस नवे घडवितो. टेलिफोन आला, तेव्हा मराठीने ‘दूर’ आणि ‘ध्वनी’ हे जुनेच शब्द जोडले आणि ‘दूरध्वनी’ हा नवा शब्द सिद्ध केला.