वाढीची किल्ली की विकतचे दुखणे?

शरीर पिळदार व्हावे, उंची आणखी दोन इंच वाढावी, ही तारुण्यातील स्वाभाविक इच्छा आहे. या इच्छेवरच आज एक बाजार उभा राहिला आहे. त्यात ‘पेप्टाइड’ नावाच्या छोट्या कुप्या विकल्या जातात. हे औषध टोचून घेतले की शरीर आपणहून अधिक वाढ-संप्रेरक सोडते, असे सांगितले जाते. यात तथ्य किती, ते पाहू.

वाढ-संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत तयार होते. ते सतत स्रवत नाही. थांबून थांबून, विशेषतः गाढ झोपेत स्रवते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून येणारे एक द्रव्य हा स्राव वाढवते, तर सोमॅटोस्टॅटिन नावाचे दुसरे द्रव्य तो आवरते.

अमेरिकन शास्त्रज्ञ सिरिल बावर्स यांना प्रयोगशाळेत घडविलेली काही पेप्टाइडे तिसऱ्याच वाटेने स्राव वाढवितात असे आढळले. त्यांपैकी ‘जीएचआरपी-६’ अवघ्या सहा ॲमिनो आम्लांचे आहे. खुद्द वाढ-संप्रेरक १९१ आम्लांचे असते. कृत्रिम किल्लीने कुलूप उघडले होते, पण शरीराची स्वतःची किल्ली कोणती हे ठाऊक नव्हते. ती १९९९ साली जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांना सापडली, आणि तीही उंदराच्या जठरात! तिचे नाव घ्रेलिन. घ्रेलिन भूक चेतविते. म्हणूनच जीएचआरपी-६ घेणाऱ्यालाही सपाटून भूक लागते.

वैद्यकात या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. याच वाटेने काम करणारे मॅसिमोरेलिन हे तोंडाने घ्यायचे औषध अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले. ते देऊन रक्त तपासले की प्रौढ रुग्णात वाढ-संप्रेरकाची उणीव आहे काय, हे समजते. हायपोथॅलॅमसच्या द्रव्यावरून बनविलेले टेसामोरेलिन २०१० साली मान्य झाले, ते एचआयव्हीबाधितांच्या पोटातील वाढलेली चरबी कमी करण्यासाठी. निरोगी तरुणाचे दंड फुगविण्यासाठी यांपैकी एकही मान्य नाही.

उंचीचे म्हणाल, तर लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या पौगंडावस्थेच्या शेवटी हाडात मिसळून जातात. त्यानंतर कितीही संप्रेरक स्रवले तरी उंची वाढत नाही. उलट दीर्घकाळ अतिरेक झाल्यास हात, पाय व जबडा मात्र रुंदावतात. रक्तातील साखर वाढणे, अंगावर सूज येणे, सांधे दुखणे हेही धोके आहेत. शिवाय शरीरात एखादी गाठ दडलेली असेल, तर पेशींच्या वाढीला असे उत्तेजन देणे धोक्याचेच. अनेक कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. आत नेमके काय व किती शुद्ध आहे, याची हमी कोणी देत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ही द्रव्ये खेळाडूंना निषिद्ध ठरविली आहेत.

घरातील एखाद्या मुलाची उंची खरोखरच मागे पडत असेल, तर त्याला शाळकरी वयातच डॉक्टरांकडे न्यावे. कूर्चा शिल्लक असेपर्यंतच उपचाराला वाव असतो. आपल्यासारख्या धडधाकट विद्यार्थ्यांना पोटभर सकस आहार, नियमित व्यायाम व रात्रीची पुरेशी झोप पुरे. पीयूषिका ग्रंथी आपले काम त्या झोपेत करीतच असते.