संगणकांच्या जाळ्याचा प्रात्यक्षिक पाठ

संगणकांचे जाळे केवळ फळ्यावरील आकृतीवरून शिकविल्यास मुलांस व्याख्या पाठ होते. संदेश कसा पोहोचतो, हे उमगत नाही. म्हणून आरंभी एक खेळ घ्यावा. एका वाक्याचे सहा तुकडे सहा चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येकीवर दोन्हीकडील पत्ते व अनुक्रमांक घालावा. मधली मुले त्या निरनिराळ्या वाटांनी पुढे देतील. चिठ्ठ्या मागेपुढे पोहोचल्या तरी क्रमांकावरून वाक्य जुळते. एक चिठ्ठी शिक्षकाने मुद्दाम खिशात टाकावी. तिची पोच येत नाही, म्हणून पाठविणाऱ्यास ती पुन्हा धाडावी लागते. नक्कल ठेवली नसेल तर त्याची फजिती होते, आणि नक्कल का ठेवावयाची हे वर्गास तत्काळ पटते. येथे घाई करू नये.

नंतर दोन संगणक केबलने जोडावेत. दुसरा संगणक केंद्रशाळेतून एका दिवसापुरता आणता येईल. त्यांस १९२.१६८.१.१ व १९२.१६८.१.२ हे पत्ते आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क देऊन पिंग ही आज्ञा चालवावी. फायरवॉल पुष्कळदा पिंग अडविते. ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. केबल काढताच उत्तरे थांबतात. ती पुन्हा जोडून दुसरा पत्ता १९२.१६८.५.२ करावा. तार शाबूत असूनही उत्तर येत नाही! बिघाड तारेत की पत्त्यात, हे मुलांनीच शोधावे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत अर्पानेटवरून ‘लॉगिन’ हा पहिला शब्द धाडतानाही दोन अक्षरांनंतर यंत्रणा बंद पडली होती.

या पाठास इंटरनेटची जोडणी मुळीच लागत नाही.